सकाळचे महाविद्यालय

मुंबईत २० जून १९४६ रोजी एक नवे महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थ महाविद्यालय हे त्याचे नाव. त्याला स्वतःची इमारत नव्हती. मरीन लाइन्स भागातील लष्करी बराकींत त्याचे वर्ग भरत. परंतु या महाविद्यालयाचा खरा विशेष होता तो त्याच्या वेळेत. मुंबई पुरती जागी होण्यापूर्वीच तेथे प्राध्यापक फळ्यापुढे उभे राहत आणि कचेऱ्यांचे दरवाजे उघडण्याच्या सुमारास तास संपत. वह्या-पुस्तके बगलेत मारून विद्यार्थी मग आपापल्या कामावर जात. दिवसभर नोकरी करून घर चालविणाऱ्या तरुणांना पदवीपर्यंत शिकता यावे, याच हेतूने ही सकाळची वेळ ठरविण्यात आली होती.

हे महाविद्यालय ज्यांनी काढले ते डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर त्या वेळी पंचावन्न वर्षांचे होते. देशात आणि परदेशांत त्यांच्या विद्वत्तेचा लौकिक झाला होता. परंतु पोटाची चिंता आणि पुस्तकांची ओढ या दोहोंच्या कात्रीत सापडलेला विद्यार्थी कसा असतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. आयुष्याची कितीतरी वर्षे ते स्वतः तसे विद्यार्थी होते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी छावणीच्या गावी झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षकाचे काम करीत. मूळ घराणे कोकणातील, रत्नागिरी जिल्ह्यातले. पुढे वडील सेवानिवृत्त झाले आणि काही काळाने कुटुंब साताऱ्यास आले. भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच त्यांची आई भीमाबाई निवर्तली.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांबरोबर बसता येत नसे. ज्या महार जातीत त्यांचा जन्म झाला, तिला त्या काळी अस्पृश्य मानीत. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर त्यांनी वेगळे बसावे आणि शाळा सुटली म्हणजे तो तुकडा परत घरी न्यावा, असा प्रघात होता. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शाळेतला शिपाई नळ सोडून देई तेव्हा पाणी मिळे. शिपाई नसला की त्या दिवशी पाणी नाही. विद्येची गोडी असलेल्या मुलाला विद्येच्या मंदिरातच अशी वागणूक मिळावी, ही गोष्ट आज तुम्हांला खरी वाटणार नाही. पण ती खरी आहे, आणि फार जुनीही नाही.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस परळ भागात राहावयास आले. चाळीतली एकच खोली. त्या एका खोलीत स्वयंपाक, तेथेच झोपणे, तेथेच जाते, जळणाचा ढीग आणि एक शेळीसुद्धा. सर्वांनी एकाच वेळी पाय पसरावे एवढी जागा तिच्यात नव्हती. मग रामजींनी एक युक्ती काढली. मुलाला ते लवकर झोपवीत आणि स्वतः जागत बसत. रात्री दोन वाजले की मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत व त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर आपण अंग टाकीत. चिमणी नसलेल्या रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात भीमराव पहाटेपर्यंत वाचीत. पुस्तकांची मागणी आली की वडिलांजवळ पैसे नसत. तेव्हा ते आपल्या विवाहित मुलींच्या घरी जात, उसने पैसे मागत, आणि प्रसंगी एखादीचा दागिना गहाण टाकून पुस्तक विकत आणीत. निवृत्तिवेतनाचे पैसे हाती आले की दागिना सोडवून परत करीत. मोठ्या माणसांच्या चरित्रांत त्यांच्या आईबापांना पुष्कळदा दोनच ओळी मिळतात. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या या सुभेदारांना त्याहून अधिक जागा द्यावी, असे मला वाटते.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांना संस्कृत शिकावयाचे होते, परंतु अस्पृश्य म्हणून शाळेत ते त्यांना शिकू दिले नाही. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. चर्नी रोडच्या बागेत एकटेच वाचीत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष गेले होते. मॅट्रिक झाल्याबद्दल भीमरावांचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे रामजींची शक्ती संपली आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली, त्या वेळी याच केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळू लागली आणि भीमराव बी. ए. झाले. शाळेत असतानाच त्यांचे रमाबाईंशी लग्न झाले होते.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते मुंबईस परतले आणि २ फेब्रुवारीस रामजींनी प्राण सोडला. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. अट अशी, की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करावी. न्यूयॉर्कमध्ये भीमराव कसे राहिले? शिष्यवृत्तीच्या पैशांतून काही रक्कम घरी पाठवावयाची, उरलेल्यात पोट भरावयाचे आणि त्यातूनही जुनी पुस्तके विकत घ्यावयाची. रोज अठरा-अठरा तास अभ्यास चाले. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पीएच. डी. साठी प्रबंध सादर केला. मग ते लंडनला गेले व तेथे अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास सुरू केला.

परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परत यावे लागले. आधी पाठविलेली त्यांची पुस्तके ज्या जहाजात होती, ते पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत पाणतीराच्या माऱ्याने बुडाले. पोटाला चिमटा घेऊन जमविलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडे परवानगी मागितली होती. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यासाठी रदबदली केली. विद्यापीठाने त्यांना सवलत दिली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास राहिलेला अभ्यास जेथे थांबला तेथून पुढे चालू करता येईल. कागदाचा एक कपटा तो. पण त्यामुळे दार बंद झाले नाही, नुसते लोटलेले राहिले.

करारानुसार भीमराव बडोद्यास गेले. एवढा शिकलेला अधिकारी, परंतु कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरूनच टाकीत. त्यांना पिण्यास पाणी मिळेना. गावात कोणी घर देईना. पारशी लोकांच्या एका उतारूगृहात ते कसेबसे राहिले, तेथूनही काही दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दुसरे घर मिळण्याची आशा उरली नाही. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. शहराबाहेरच्या बागेत एका झाडाखाली हा कोलंबिया विद्यापीठाचा पंडित पाच तास बसून राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

मुंबईत त्यांनी मिळेल ते काम केले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार साडेचारशे रुपये. त्या काळी ही मोठीच रक्कम, तरीही परळच्या चाळीतले बिऱ्हाड हलले नाही. रमाबाई संसार काटकसरीने चालवीत आणि उरलेला पैसा बाजूला पडे. मनात चार वर्षांचा हिशेब चालला होता. चौथे वर्ष संपण्याच्या आत लंडन गाठावयाचे होते. शिलकीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याची भर पडली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. १९२० साली भीमराव पुन्हा बोटीत बसले.

आता ते एकोणतीस वर्षांचे होते. घरी पत्नी आणि मुलगा. वयाने व अनुभवाने ते बरोबरीच्या पुष्कळ विद्यार्थ्यांहून पुढे होते, खिसा मात्र त्यांचाच सर्वांत हलका असेल. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत शिरणाऱ्यांत ते पहिले असत आणि बंद होताना बाहेर पडणाऱ्यांत शेवटचे. दुपारच्या जेवणाला ते फाटा देत. रात्री बिऱ्हाडी मिळणारे अन्न अपुरे पडे. एका मित्राने पापडांची चळत दिली होती. रात्री दहाच्या पुढे भूक असह्य झाली की त्यातले चार पापड ते भाजून खात आणि पुन्हा पुस्तक उघडीत. खोलीतला सोबती त्यांना झोपावयास सांगे, परंतु त्यांचा दिवा जळतच राही. १९२१ साली ते एम. एस्सी. झाले. १९२२ साली बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा मोठा प्रबंध मात्र परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला, आणि तोवर पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. चाळीतल्या खोलीत बसून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला, टपालाने लंडनला धाडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी. एस्सी. ही पदवी त्यांना मिळाली.

पुढील वीस-बावीस वर्षांतील त्यांचे कार्य तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचालच. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, लंडनच्या गोलमेज परिषदांत त्यांनी आपल्या बांधवांची बाजू मांडली, पुढे भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. हे सर्व चालू असताना शिक्षणाचे काम त्यांनी खाली ठेवले नाही. पोटासाठी ते वकिली करीत, तर फावल्या वेळात १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या एका हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. १९३५ साली ते सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

१९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने दुसऱ्याच वर्षी सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह उघडले. आधी वसतिगृह का? कारण खेड्यातला मुलगा शहरातल्या शाळेत नाव घालील, पण निजेल कोठे आणि जेवील कोणाकडे? अस्पृश्य मुलाला भाड्यानेही खोली मिळणे कठीण होते. बडोद्याच्या बागेत बसून ज्याने हे भोगले, त्याला ही अडचण उमगावयास वेळ लागला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सभासद होते, त्या काळात दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडून तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. त्यातून कित्येक तरुण परदेशी शिकावयास गेले.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि पुढील वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. ते सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले होते. पहिले प्राचार्य म्हणून संस्कृतचे गाढे पंडित अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर यांना त्यांनी नेमले. ज्या मुलाला शाळेत संस्कृत शिकू दिले नव्हते, त्याने आपल्या महाविद्यालयाच्या प्रमुखपदी संस्कृत पंडित आणला, हा योगायोग मला मोठा मनोज्ञ वाटतो.

सकाळच्या वेळेचे महत्त्व पुरते कळण्यासाठी क्षणभर मुंबई सोडून आपल्या विदर्भाकडे या. यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या भोवताली कोळशाच्या खाणी आहेत, जवळच राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. खाणीचे काम पाळीने चालते. कधी पहिली पाळी, कधी दुसरी, कधी रात्रपाळी. अशा घरांतून शाळेत येणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. वडिलांची पाळी बदलली की त्यांचाही दिवस बदले. कोणी डबा पोचवून धापा टाकीत पहिल्या तासाला येई. उद्या अशा घरातील थोरला मुलगा स्वतः कामाला लागला आणि त्याला कॉलेजात जावेसे वाटले, तर ते अकरा ते पाच भरून कसे चालेल? पगार सोडावा तर चूल थंड होते, आणि कॉलेज सोडावे तर शिक्षण संपते. १९४६ साली तर पदवी घेण्यासाठी वणीच्या मुलाला दूरचे शहर गाठावे लागे. तेथे तो राहणार कोठे आणि कमावणार केव्हा, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. वर्गात काय शिकवितात हा त्यानंतरचा प्रश्न. बाबासाहेबांनी घड्याळाचा काटा विद्यार्थ्याच्या सोयीने फिरविला. परीक्षा तीच, अभ्यासक्रम विद्यापीठाचाच, त्यात कसलीही सूट नाही. फक्त तास नोकरीच्या आड येईनात.

महाविद्यालयात विद्यार्थ्यांची एक संसद भरे. तिच्यात ते वादविवाद करीत, प्रश्न विचारीत. दिवसभर कचेरीत साहेबासमोर मान खाली घालून बसणाऱ्या तरुणाला उभे राहून बोलण्याची सवय तेथे लागे. बाबासाहेब स्वतः या संसदेपुढे बोलले आहेत.

यानंतर त्यांची दृष्टी मराठवाड्याकडे वळली. निजामाच्या राज्यात राहिलेल्या त्या भागात उच्च शिक्षणाची सोय फारच तोकडी होती. १९५० च्या जून महिन्यात औरंगाबादेस त्यांनी महाविद्यालय सुरू केले, आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्याला नाव दिले मिलिंद. मिलिंद हा प्राचीन काळचा एक ग्रीक राजा. नागसेन नावाच्या बौद्ध भिक्षूला प्रश्नामागून प्रश्न विचारून त्याने आपल्या शंका फेडून घेतल्या, अशी कथा आहे. महाविद्यालयाच्या परिसराला म्हणूनच नागसेनवन म्हणतात. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत, ही अपेक्षा त्या नावातच होती. येथे येणारी मुले खेड्यापाड्यांतील, बहुतेकांच्या घरात त्यांच्यापूर्वी कोणी शाळेची पायरी चढलेले नसे. त्यांना कामाच्या वेळेपेक्षा राहण्याजेवण्याची सोय अधिक हवी होती, म्हणून येथे वसतिगृहांवर भर दिला गेला. मुंबईत सकाळचा तास, औरंगाबादेत झोपावयाची खोली. विद्यार्थ्याची अडचण जशी असेल तशी तोड. पुढील काळात मराठीत ज्यांनी दलित साहित्याचा नवा प्रवाह आणला, त्यांतील कितीतरी लेखक-कवी या मिलिंद महाविद्यालयात घडले.

१९५३ साली मुंबईत सोसायटीचे वाणिज्य महाविद्यालय निघाले आणि १९५६ साली विधी महाविद्यालय. त्या वेळी बाबासाहेबांची प्रकृती ढासळली होती. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावली होती, चालताना आधार लागे. तरीही लेखन-वाचन सुटले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांजवळ त्यांचे सर्वांत मोठे धन होते ते पुस्तकांचे. दादरला त्यांनी राजगृह हे घर बांधले, त्यात माणसांइतकीच ग्रंथांच्या सोयीची काळजी घेतली होती. बुडालेल्या जहाजातील संग्रहाची त्यांनी पुढे कित्येक पटींनी भरपाई केली होती. या ग्रंथांतील पुष्कळसे सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. कोलंबियात ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या जॉन ड्यूई यांची पुस्तकेही त्यांत आहेत. पाने उलटली की ओळींखाली बाबासाहेबांनी ओढलेल्या रेघा आणि समासात केलेल्या खुणा दिसतात.